चेनच्या आधी जमीन

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या भाच्याने एक जुनी मिनी पोकलेन घेतली. तीन टनांची, रबर ट्रॅकची, अर्थातच कर्जावर. कन्हान, कांद्री, टेकाडी, कामठी या पट्ट्यात नळाच्या पाइपलाइनची, नाल्यांची, केबलची कामे निघत होती. आमच्या गल्ल्या अरुंद. मोठी पोकलेन शिरत नाही आणि फावड्याने खोदायला आता माणसे मिळत नाहीत. हिशेब बरोबर होता. चुकला तो ट्रॅकमध्ये.

जुने ट्रॅक झिजले होते. त्याने एका दुकानदाराला फोनवरून तीन आकडे सांगितले आणि सगळ्यात स्वस्त जोडी मागवली. आठवड्यातच एक ट्रॅक उतरला. महिन्याभरात तीनदा उतरला. चौथ्या वेळी एका पडक्या भिंतीच्या मलब्यावर त्याची कड फाटली. यंत्र अकरा दिवस उभे राहिले. त्या महिन्याचा हप्ता आपाने भिशीच्या पैशातून भरला.

"मामू, नंबर तर बरोबर होता," तो म्हणत राहिला.

शेवटी आम्ही त्याला कामठी रोडवरच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे नेले. माझे अब्बा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, हे उस्ताद त्यांच्या वेळचे. त्यांनी यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. पहिला प्रश्न विचारला, "काम कहाँ करता है? पहले जमीन देख, फिर चेन देख."

मी इतिहासाचा माणूस. त्यांचे हे वाक्य डोक्यात राहिले, म्हणून चेनचा इतिहास धुंडाळला. उस्ताद सांगत होते ते त्यात पानोपानी आहे.

चाकाची अडचण जुनी आहे. चाक जमिनीला अगदी थोड्या जागी टेकते, त्यामुळे सगळे वजन तिथेच पडते आणि चाक रुतते. वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीत कापसाच्या गाड्या पावसाळ्यात आसापर्यंत रुतत. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली तेव्हा ही अडचण सुटली, पण रुळांपुरतीच. रूळ म्हणजे तरी काय? वजन पसरवणारा कठीण रस्ता. मग हा रस्ता गाडीने सोबतच नेला तर?

इंग्लंडमध्ये रिचर्ड एजवर्थ यांनी १७७० मध्येच अशा 'सोबत चालणाऱ्या रस्त्या'चे पेटंट घेतले होते. १८४६ मध्ये जेम्स बॉयडेल यांनी चाकाभोवती फळ्या बसवल्या. चाक फिरले की फळी जमिनीवर टेकायची आणि चाक तिच्यावरून पुढे जायचे. क्रिमियाच्या युद्धात तोफगाड्यांना अशी चाके लावली गेली. पण खरे यश आले ते कॅलिफोर्नियात. स्टॉकटनजवळ नदीच्या मुखाकडची जमीन इतकी मऊ होती की वाफेचे जड ट्रॅक्टर तिच्यात बुडत. बेंजामिन होल्ट यांनी आधी चाके रुंद करून पाहिली. ती इतकी रुंद झाली की यंत्र वळेना. मग त्यांनी चाके काढली, साखळीवर लाकडी ठोकळे बसवले आणि २४ नोव्हेंबर १९०४ रोजी ते यंत्र चालवून पाहिले. ते रुतले नाही. सुरवंटासारखे सरकते म्हणून त्याला 'कॅटरपिलर' हे नाव पडले. १९२५ मध्ये याच नावाची कंपनी उभी राहिली. त्याआधी १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर चेनवरचे रणगाडे पहिल्यांदा उतरले होते, तेही चिखल आणि खंदक ओलांडण्यासाठीच.

म्हणजे चेन कुणी कारखान्यात बसून सुचली म्हणून केलेली नाही. एका विशिष्ट जमिनीने माणसाला हरवले, तेव्हा तिला दिलेले ते उत्तर आहे.

आपण ज्याला 'पोकलेन' म्हणतो ते एका फ्रेंच कंपनीचे नाव. जॉर्ज बताय यांनी १९२७ मध्ये ती काढली. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या तिच्या खोदयंत्रांनी नाव कमावले. आपल्याकडे लार्सन अँड टुब्रोने तिच्या सहकार्याने यंत्रे बनवली आणि पुढे कोणत्याही कंपनीचे चेनवाले यंत्र पोकलेनच झाले. मिनी पोकलेन ही मात्र जपानची देणगी. तिथल्या अरुंद गल्ल्या आणि छोटे प्लॉट यांसाठी यानमारने १९६८ मध्ये आणि ताकेउचीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लहान यंत्रे आणली. रबराचे ट्रॅकही जपानमध्ये आधी शेतीच्या यंत्रांसाठी वाढले. भातशेतीच्या चिखलात ते रुतत नाहीत आणि डांबरी रस्ता उकरत नाहीत, हे त्यांचे मोठे गुण.

आता आपल्या कन्हानची जमीन पाहा. इथे एक जमीन नाही, तीन आहेत. नदीकाठी वाळू. शेतात काळी माती, जी ओली झाली की फुगते आणि चिकटते. आणि गोंडेगाव, इंदर, कामठी या खुल्या कोळसा खाणींच्या बाजूला दगड. हा दगड साधा नाही. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत 'कामठी' नावाचा जो वालुकाश्म येतो तो आपल्याच कामठीचा. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठी-सिलेवाड्याच्या याच खडकांतून वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले होते. जीवाश्म शोधणाऱ्याला तो खजिना, चेनवाल्याला तो सँडपेपर. त्यातले गारेचे कण पिन आणि बुश यांच्यात शिरले की लोखंड खातात. अब्बा सांगत, खाणीत इंजिनापेक्षा चेन जास्त वेळा उघडावी लागते.

भाच्याचे तीन आकडे असे होते : ३०० × ५२.५ × ८०. पहिला ट्रॅकची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा पिच, म्हणजे एका लोखंडी कड्याच्या मध्यापासून पुढच्या कड्याच्या मध्यापर्यंतचे अंतर. तिसरा कड्यांची संख्या. ट्रॅकच्या आतल्या बाजूला हे छापलेले असते. पुसले असेल तर मोजून काढता येते. पण एवढे पुरत नाही. आतल्या लोखंडी दातांमधले अंतर वेगवेगळे असते आणि रोलर त्या दातांच्या मधून धावतो की बाहेरून, हेही यंत्रागणिक बदलते. म्हणून आकड्यांपुढे कधी कधी एक अक्षर असते. भाच्याने ते सांगितले नाही, दुकानदाराने विचारले नाही. लांबी बरोबर आली, पण दात रोलरशी जुळले नाहीत. आकडे खरे असूनही ट्रॅक परका होता.

दुसरी चूक उस्तादांनी हाताने दाखवली. स्प्रॉकेटचे दात झिजून टोकदार झाले होते. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवा ट्रॅक चढवला की तोही लवकर जातो. म्हणून ट्रॅक घेताना सगळे अंडरकॅरेज पाहायचे : खालचे रोलर मोकळे फिरतात का, त्यांतून तेल गळते का, पुढचा आयडलर डुगडुगतो का. आणि ट्रॅक शक्यतो दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. नवा-जुना जोडला तर यंत्र एका बाजूला ओढते.

रबर की लोखंड, हा प्रश्न जमिनीला विचारायचा. वस्तीतल्या गल्ल्या, सिमेंटचे रस्ते, शेतातली मऊ माती यांना रबर. फुटलेला दगड, सळया निघालेला मलबा, खाणीकडची कामे यांना लोखंडी चेन. दोन्ही कामे असतील तर लोखंडी चेनवर रबराचे पॅड बसवता येतात. पट्टी रुंद असली की यंत्र रुतत नाही, म्हणून लोक सरसकट रुंद मागतात. पण कठीण जमिनीवर रुंद पट्टी वाकते, तिचे बोल्ट सैल होतात, पिनवर ताण येतो. रुतणार नाही एवढीच रुंद घ्यावी, त्याहून जास्त नको.

ताणाचेही तसेच. बकेट टेकवून एक बाजू उचलायची आणि मधला रोलर व ट्रॅक यांमधली फट मोजायची. लहान रबर ट्रॅकला ती साधारण १० ते १५ मिलिमीटर असते. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तकात पाहावा. ढिला ट्रॅक उतरतो, घट्ट ट्रॅक रोलर खातो. काळी माती रोलरमध्ये भरली की ट्रॅक आपोआप घट्ट होतो, म्हणून पावसाळ्यात रोज संध्याकाळी चिखल काढायचा. आणि एक गोष्ट जिवाची : ताण कमी करताना ग्रीसचा वॉल्व्ह हळूहळू सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही, त्याच्या समोर तोंड न्यायचे नाही. आतला दाब माणूस मारू शकतो.

हे ऐकताना मला माझे पणजोबा आठवले. ते कामठीचे विणकर. १८२१ मध्ये इथे छावणी वसली आणि तिच्याभोवती कारागिरांचे मोहल्ले वाढत गेले. घरात सांगतात की मागावर बसण्याआधी पणजोबा ताण्यावरून बोट फिरवत. ढिला असेल तर कापड वाकडे, घट्ट असेल तर सूत तुटणार. पणजोबा मागावर, अब्बा खाणीच्या वर्कशॉपमध्ये, भाचा मिनी पोकलेनवर. कसब तेच, फक्त सुताच्या जागी पोलाद आले.

आपल्याकडे मुसलमानांचा इतिहास म्हटला की बादशहा, किल्ले आणि लढाया निघतात. भांडायलाही तेच आणि अभिमानालाही तेच. पण आपल्यातले कितीतरी लोक लेथ, वेल्डिंग आणि गॅरेजवर जगले. त्यांना ठाऊक असलेले कुणी लिहून ठेवले नाही. उस्ताद गेले की ते ज्ञान जाते आणि पुढच्या पिढीचा पोरगा फोनवर तीन आकडे सांगून फसतो. भाच्याचे अकरा दिवस आणि आपाची भिशी ही त्या न लिहिण्याची किंमत आहे.

उस्तादांनी स्प्रॉकेट आणि दोन रोलर बदलायला लावले, योग्य दातांची जोडी मागवून दिली आणि मजुरीचे निम्मे पैसे परत केले. भाचा आता काम घेण्याआधी मोटारसायकलवर जाऊन जागा पाहून येतो. मलब्याचे काम असेल तर सरळ नाही म्हणतो. त्याच्या कॅबिनमध्ये एक छोटी वही आहे. पहिल्या पानावर तीन आकडे, त्यांच्या पुढचे अक्षर आणि ट्रॅक बदलल्याची तारीख लिहिलेली आहे. बाकीची पाने भरायला मी त्याला दर जुम्म्याला उस्तादांकडे पाठवतो.