स्कायलॅब विद्यार्थी प्रकल्प

स्कायलॅब विद्यार्थी प्रकल्प हा अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांनी सुचविलेले व आखलेले वैज्ञानिक प्रयोग अंतराळात करून पाहण्याचा उपक्रम होता. अमेरिकी अंतराळसंस्था नासाने तेथील राष्ट्रीय विज्ञान शिक्षक संघटनेच्या सहकार्याने तो इ.स. १९७१ मध्ये सुरू केला. निवडलेले प्रयोग इ.स. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकेच्या पहिल्या अंतराळस्थानकावर करण्यात आले.

निवडप्रक्रिया

नासाच्या आवाहनाला उत्तर म्हणून ४,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी ३,४०९ प्रस्ताव पाठविले. त्यांतून राष्ट्रीय पातळीवर २५ प्रस्तावांची निवड झाली. कल्पना नवीन असणे एवढेच पुरेसे नव्हते. उपकरणाचे वजन, आकारमान, वीजवापर, सुरक्षितता आणि अंतराळवीरांना द्यावा लागणारा वेळ यांच्या मर्यादेत तो प्रयोग बसणे आवश्यक होते. विजेत्या विद्यार्थ्यांनी नासाच्या मार्शल अंतराळ उड्डाण केंद्रातील तज्ज्ञांच्या साहाय्याने आपले आराखडे सुधारले. ज्यांचे प्रयोग या मर्यादांमुळे स्थानकावर नेता आले नाहीत, त्यांना त्याच प्रकारचे संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञांशी जोडून देण्यात आले.

कोळ्यांचा प्रयोग

या उपक्रमातील सर्वाधिक प्रसिद्ध प्रयोग मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेक्सिंग्टन येथील विद्यार्थिनी जुडिथ माइल्स हिने सुचविला होता. कोळी जाळे विणताना स्वतःच्या वजनाचा अंदाज घेतो व त्यानुसार धाग्याची जाडी ठरवितो. मग वजनच जाणवत नसेल, तर त्याला जाळे विणता येईल का, असा तिचा प्रश्न होता.

ॲराबेला व अनिता या दोन बागकोळ्यांच्या माद्या २८ जुलै १९७३ रोजी स्कायलॅबच्या दुसऱ्या तुकडीबरोबर अंतराळात गेल्या. अंतराळवीर ओवेन गॅरियट यांनी ॲराबेलाला पेटीत सोडले, तेव्हा तिच्या हालचाली प्रथम गोंधळलेल्या होत्या. तिचे पहिले जाळेही ओबडधोबड होते. परंतु थोड्याच अवधीत तिने पूर्ण जाळे विणले. अनितानेही जाळे विणले. अंतराळातील धागा पृथ्वीवरील धाग्यापेक्षा बारीक असून त्याची जाडी असमान असल्याचे पुढील तपासणीत आढळले. मोहीम पूर्ण होईपर्यंत दोन्ही कोळी मरण पावले. शरीरातील पाणी कमी होणे हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते.

अन्य प्रयोग

भाताच्या बियांची उगवण व कोंबांची प्रकाशाकडे वाढ, वनस्पतिपेशीतील जीवद्रव्याचे अभिसरण, जीवाणूंची वाढ, केशिकाक्रिया, वजनरहित अवस्थेतील वस्तुमापन आणि अंतराळवीरांच्या डोळा व हात यांतील समन्वय हे विषयही विद्यार्थ्यांनी हाताळले. सर्वच प्रयोगांतून स्पष्ट निष्कर्ष निघाले नाहीत. भाताच्या प्रयोगात २४ पैकी १० बिया उगवल्या व कोंबांची वाढ अनियमित दिशांनी झाली.

नंतरची वाटचाल

या अनुभवानंतर नासाने अंतराळयानांच्या उड्डाणांसाठीही विद्यार्थी सहभाग कार्यक्रम राबविला. त्यातील एका विद्यार्थ्याचा कोंबडीच्या अंड्यांवरील प्रयोग इ.स. १९८६ मध्ये चॅलेंजर दुर्घटनेत नष्ट झाला, तो इ.स. १९८९ मध्ये पुन्हा पाठविण्यात आला. इ.स. २००३ मध्ये कोलंबिया यानावरही विविध देशांतील शालेय विद्यार्थ्यांचे प्रयोग होते. त्या दुर्घटनेत कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला.

भारतात आझादीसॅट या उपग्रहासाठी सरकारी शाळांतील ७५० विद्यार्थिनींनी उपकरणसंच जुळविले. ऑगस्ट २०२२ मधील पहिले प्रक्षेपण अयशस्वी ठरले. आझादीसॅट-२ मात्र १० फेब्रुवारी २०२३ रोजी कक्षेत पोहोचला.

महत्त्व

कोळ्यांच्या प्रयोगाने उपस्थित केलेला प्रश्न पुढेही अभ्यासला गेला. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर इ.स. २०११ मध्ये केलेल्या प्रयोगांतून, गुरुत्वाकर्षण जाणवत नसताना कोळी प्रकाशाच्या दिशेवरून वर-खाली ओळखू शकतात, असे दिसून आले. शालेय वयात विचारलेला साधा प्रश्नही दीर्घकालीन संशोधनाचा आरंभ ठरू शकतो, याचे हे उदाहरण आहे.