यादी कोणी सांभाळायची?

लिनक्सवर काम करणारी दोन माणसे एकत्र आली की एक वाद हमखास निघतो: ॲप्ट चांगले की यम? आपल्या मंडळात संगणकाच्या धंद्यातले सभासद पुष्कळ आहेत. तेव्हा हा वाद काहींनी हिरिरीने घातला असेल, तर त्यांच्या घरच्यांनी वैतागून विषय बदलला असेल. तो वाद मिटवण्याचा माझा इरादा नाही. ही अवजारे कशी जन्माला आली आणि एकमेकांपासून वेगळी का झाली, एवढेच सांगावे असे मनात आहे. कारण एका साध्या प्रश्नाला प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले आहे. प्रश्न असा: यादी कोणी सांभाळायची?

संगणकाशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. गणपतीच्या आदल्या दिवशी आपण लिटल इंडियात जातो ते हातात यादी घेऊन. मोदक करायचे तर तांदळाची पिठी हवी, नारळ हवा, गूळ हवा. उकडायला मोदकपात्र हवे. यातली एक वस्तू विसरली तरी सगळे अडते. संगणकावरच्या प्रोग्रामचेही तसेच. एकटा प्रोग्राम क्वचितच चालतो. त्याला चित्रे दाखवणारी एक लायब्ररी लागते, फायली उलगडणारी दुसरी लागते, आणि त्या लायब्रऱ्यांना आणखी काही लागते. या साखळीला आमच्या धंद्यात 'डिपेंडन्सी' म्हणतात. पॅकेज म्हणजे प्रोग्राम आणि त्याची माहिती यांचे बांधलेले गाठोडे, आणि पॅकेज मॅनेजर म्हणजे ती गाठोडी आणणारा, लावणारा, काढणारा कारभारी.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स जाहीर केले तेव्हा असा कारभारी नव्हता. प्रोग्राम मूळ रूपात मिळत, आणि आपल्या यंत्रावर ते स्वतः बांधून घ्यावे लागत. बांधता बांधता अमुक फाईल नाही असा निरोप आला की ती शोधायला निघायचे. जुलै १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी 'स्लॅकवेअर' काढले. त्यात गाठोडी आयती बांधलेली होती, पण कशाला काय लागते हे त्यात नोंदलेले नव्हते. यादी वापरणाऱ्याने डोक्यात ठेवायची. स्लॅकवेअरने हा बाणा आजही सोडलेला नाही, आणि त्याचे भक्त तो अभिमानाने मिरवतात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मरडॉक या तरुणाने 'डेबियन'ची घोषणा केली. आपल्या मैत्रिणीचे, डेब्राचे, नाव आणि स्वतःचे नाव जोडून त्याने हे नाव केले होते. डेबियनच्या 'डीपीकेजी' या अवजाराचा गाभा १९९४ मध्ये इयन जॅक्सन यांनी सी भाषेत लिहिला. पलीकडे 'रेड हॅट' कंपनीत मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांनी 'आरपीएम' तयार केले. ते १९९५ मध्ये बाहेर आले. दोघांनी एक पाऊल पुढे टाकले. आता प्रत्येक गाठोड्यावर चिठ्ठी लागली: मला काय लागते, माझे कोणाशी पटत नाही. चिठ्ठीतली वस्तू यंत्रावर नसली तर कारभारी कामाला नकार देई. पण ती वस्तू आणायची मात्र तुम्हीच!

हा नकार किती जाचक होता ते भारतात त्या काळी लिनक्स वापरणाऱ्यांना विचारावे. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढची कित्येक वर्षे ते टेलिफोनच्या तारेवरून, थेंबाथेंबाने येई. आमच्या पिढीला लिनक्स मिळाले ते सीडीवर. 'पीसी क्वेस्ट' मासिकाने १९९६ पासून अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. या उपक्रमामागे अतुल चिटणीस हे प्रमुख नाव होते. त्यांचा जन्म बर्लिनचा, अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये आणि कर्मभूमी बंगलोर. २०१३ साली ते गेले. भारतातल्या हजारो विद्यार्थ्यांच्या हाती लिनक्स पोचवण्यात या माणसाचा मोठा वाटा आहे.

पुण्याच्या वसतिगृहात अशी एक सीडी खोल्याखोल्यांतून फिरे. पुढे या सीडीवरचे लिनक्स रेड हॅटच्या घडणीचे असे, त्यामुळे आमची ओळख आरपीएमशीच झाली. एक गाठोडे लावायला जावे तर ते तीन मागे. त्या तिघांपैकी दोन सीडीवर सापडत, तिसरे नसे. ते नेट कॅफेत जाऊन उतरवायचे, फ्लॉपीत मावत नसेल तर तुकडे करायचे, आणि खोलीवर येऊन पाहावे तर त्याला चौथे हवे असे. इंग्रजीत याला 'डिपेंडन्सी हेल' म्हणत. आम्ही त्याला मारुतीचे शेपूट म्हणत असू.

ॲप्ट आले ते या दुखण्यावर उपाय म्हणून. त्याची सुरुवात १९९८ मधली, आणि मार्च १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर ते सर्वांच्या हाती आले. कारभाऱ्याकडे आता सगळ्या दुकानाची यादी होती. एक नाव सांगा. त्याला लागणारे, आणि त्यालाही लागणारे, असे सगळे तो नेटवरून आणून ओळीने लावी. सीडीवरून काम करण्याची सोय त्यात होती, पण त्याची खरी गंमत नेटवरच. मी डॉक्टरेटसाठी सिंगापूरला आलो तेव्हा ती अनुभवली. इथे सिंगनेटने १९९४ मध्येच घरोघरी इंटरनेट द्यायला सुरुवात केली होती. नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरने लिनक्सच्या प्रमुख वितरणांची आरसाप्रत, म्हणजे 'मिरर', आपल्या सर्व्हरवर अनेक वर्षे ठेवली. पुण्यात ज्याला आठवडा लागे ते इथे चहा निवेपर्यंत होई. तेव्हा उमगले की अवजाराची ताकद मोजताना ते कोणत्या गावात वापरतो हेही पाहावे लागते.

मग रेड हॅटवाले मागे राहिले का? नाही. ब्राझीलच्या कोनेक्टिव्हा कंपनीने ॲप्ट आरपीएमवर चालवून दाखवले. ड्यूक विद्यापीठात सेठ व्हिडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यलो डॉग लिनक्समधल्या एका जुन्या अवजारावरून 'यम' घडवले. फेडोरामध्ये २०१५ साली त्याची जागा 'डीएनएफ'ने घेतली. म्हणजे सगळे आणून देण्याची सोय लवकरच दोन्हीकडे झाली. तरीही डेबियनची साखळी क्वचित तुटे, तर इतरांची वरचेवर तुटे. याचे कारण ॲप्टच्या कोडपेक्षा डेबियनच्या नियमपुस्तकात आहे. गाठोड्याला नाव कसे द्यावे, कोणती फाईल कुठे जावी, चिठ्ठीत काय लिहावे, हे सारे तिथे लेखी ठरलेले होते आणि जगभरचे स्वयंसेवक ते पाळत. आरपीएमची गाठोडी मात्र निरनिराळ्या कंपन्या आपापल्या रीतीने बांधत. यादी कितीही लांब असो, दोन घरांत 'वाटी' वेगळ्या मापाची असेल तर मोदक बिघडणारच.

स्वभावाचे फरक आजही टिकून आहेत. ॲप्टला 'अपडेट' म्हटले तर ते फक्त यादी ताजी करते. सामान बदलायचे तर 'अपग्रेड' म्हणावे लागते. डीएनएफला 'अपडेट' म्हटले की ते थेट सामानच बदलायला घेते. आर्च लिनक्सचे 'पॅकमन' २००२ मधले. त्यात नुसती यादी ताजी करून एखादीच वस्तू घेणे धोक्याचे मानतात. घ्यायचे तर सगळे एकदम. तुम्ही बदललेली सेटिंगची फाईल नव्या आवृत्तीतही बदलली असेल तर डेबियन थांबून विचारते, कोणती ठेवू? आरपीएम विचारत नाही. ते बहुधा तुमची फाईल तशीच ठेवून नवी शेजारी ठेवते. शेकडो सर्व्हरवर रात्री आपोआप काम चालवायचे असेल तर प्रश्न विचारणारा कारभारी अडचणीचा, आणि घरच्या एका यंत्रावर न विचारणारा कारभारी धोक्याचा. दोघेही आपापल्या जागी शहाणे आहेत.

आता थोडे गणित. चाळीस गाठोडी आहेत आणि प्रत्येकाच्या दोन आवृत्त्या, तर निवडीचे प्रकार एक लाख कोटींहून जास्त होतात. त्यातले कोणते एकमेकांशी पटवून घेतील हे शोधणे फार कठीण वर्गातले कोडे आहे, हे युरोपातल्या संशोधकांनी २००६ च्या सुमारास सिद्ध केले. जुने कारभारी अंदाजाने, पायरीपायरीने उत्तर शोधत. २००८ च्या ओपनसूझे ११.० मध्ये 'झिपर'ने हे कोडे तर्कशास्त्राच्या समीकरणांत मांडून सोडवायला घेतले. तीच लायब्ररी पुढे रेड हॅटच्या डीएनएफनेही घेतली. प्रतिस्पर्ध्याचे अवजार उघडपणे वापरण्याची ही रीत आमच्या क्षेत्रातल्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. २०२५ च्या ॲप्ट ३.० मध्येही नव्या धर्तीचा सोडवणारा आला.

मराठी माणसाला जवळचे एक उदाहरण देतो. रेड हॅटने २००४ साली 'लोहित' नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुले केले, आणि पुढे त्यांच्या पुण्याच्या कार्यालयातून त्यांवर काम होत राहिले. डेबियनमध्ये या देवनागरी गाठोड्याचे नाव 'फॉन्ट्स-लोहित-देवा', तर फेडोरात 'लोहित-देवनागरी-फॉन्ट्स'. अक्षरे तीच, चिठ्ठी वेगळी. नव्या यंत्रावर मराठीच्या जागी चौकोन दिसत असतील तर यातले एक नाव टंकायचे, की क्षणात 'श्री' उमटतो. त्या क्षणामागे अक्षर काढणारा, परवाना देणारा, गाठोडे बांधणारा आणि ते तपासणारा अशी चार तरी माणसे उभी असतात. आपल्याला त्यांतले एकही दिसत नाही.

ती दिसत नाहीत याचा धोका मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिला. 'एक्सझेड' हे फायली दाबून लहान करणारे छोटे अवजार. त्याची लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्सच्या साखळीत आहे. ते अनेक वर्षे मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. टोपणनावाने आलेल्या कोणीतरी दोनेक वर्षे मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि आवृत्ती ५.६.० व ५.६.१ मध्ये चोरदरवाजा बसवला. डेबियनच्या आणि फेडोराच्या चाचणीच्या शाखांपर्यंत तो पोचला. कारभाऱ्यांनी आपले काम चोख केले होते. सही तपासली, यादी जुळवली, सामान लावले. सही खरी होती, आत माल खोटा होता. तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, आणि तोही दूरच्या यंत्रावर प्रवेशाला अर्धा सेकंद उशीर का होतो याचा छडा लावताना. तो अर्धा सेकंद त्याने मनावर घेतला नसता तर ही आवृत्ती बँकांच्या आणि इस्पितळांच्या सर्व्हरवर गेली असती.

म्हणून ॲप्ट की डीएनएफ असे मला विचारले, तर मी म्हणतो, तुमच्या कचेरीत जे आहे ते नीट शिका. यादी सांभाळण्याचे काम आपल्याकडून चिठ्ठीकडे, चिठ्ठीकडून कारभाऱ्याकडे आणि कारभाऱ्याकडून गणिताकडे गेले. यादीवरच्या प्रत्येक नावामागचा माणूस मात्र अजून माणूसच आहे, आणि बहुतेकदा बिनपगारी. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून अधिक गाठोडी होती. आपल्यापैकी अनेकांचा पगार त्यांतल्या काही डझनांवर उभा आहे. ती डझनभर नावे कोणती, आणि ती कोण सांभाळतो, एवढे पाहून ठेवायला एक संध्याकाळ पुरते. जमल्यास त्यातल्या एखाद्याच्या कामाला हातही लावावा. मंडळ कसे चालते हे आपल्याला ठाऊक आहेच: वर्गणी सगळे देतात, पण सतरंज्या घालणारी माणसे चारच असतात.