जळालेले दप्तर आणि ओल्डहॅम घराण्याचा माग

१२ जून १८९७ रोजी शिलाँगचे पठार हादरले. या महाभूकंपाचा सविस्तर अहवाल भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी लिहिला व तो १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दूरदेशीच्या भूकंपमापकांवरील नोंदी ताडून पाहताना भूकंपाच्या तीन प्रकारच्या लहरी वेगवेगळ्या ओळखता येतात, हे त्यांनी दाखवले. पुढे १९०६ मध्ये, पृथ्वीच्या पोटातून आरपार जाणाऱ्या लहरींना लागणाऱ्या वेळेवरून, पृथ्वीला वेगळ्या गुणधर्माचा गाभा असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला.

रिचर्ड यांचा जन्म १८५८ मध्ये डब्लिन येथे झाला. त्यांचे वडील थॉमस ओल्डहॅम हेही डब्लिनचेच. त्यांचा जन्म १८१६ चा. ट्रिनिटी कॉलेजात भूविज्ञानाचे प्राध्यापक असलेले थॉमस १८५१ मध्ये कलकत्त्यास आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची घडी त्यांनी बसवली. भारतातील भूकंपांची त्यांनी जमवलेली सूची त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. १८७८ मध्ये ते निवर्तले आणि १८८३ मध्ये ती सूची पुत्राने संपादित करून प्रसिद्ध केली. या घराण्याचा वैज्ञानिक वारसा असा छापील पानांवर सलग वाचता येतो.

मात्र अशा कुटुंबाचा रक्ताचा वारसा शोधण्यासाठी आयर्लंडच्या दप्तरखान्याकडे वळले की पायाखालची जमीन सरकते. जून १९२२ च्या अखेरीस, यादवी युद्धाच्या आरंभी, डब्लिनमधील फोर कोर्ट्स या इमारतसमूहात स्फोट होऊन आग भडकली आणि सार्वजनिक अभिलेख कार्यालयातील शतकानुशतकांची कागदपत्रे भस्मसात झाली. १८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांची बहुतेक मूळ पत्रके त्यात गेली. मृत्युपत्रे गेली, आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या सुमारे हजार धर्मग्रामांच्या नोंदवह्याही गेल्या. सगळा दोष आगीचा मात्र नव्हे. १८६१ व १८७१ ची पत्रके सरकारनेच पूर्वी नष्ट केली होती, तर १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेली. आज १९०१ आणि १९११ च्याच जनगणना त्या काळातल्या संपूर्ण स्वरूपात हाती आहेत.

त्यामुळे संशोधकाला आडवाटा धराव्या लागतात. सर्व धर्मीयांच्या जन्म, विवाह व मृत्यूंची नागरी नोंदणी १८६४ पासून सुरू झाली. १८५८ चा जन्म त्या नोंदणीत सापडणे शक्य नाही. त्यामागच्या काळासाठी १८२३ ते १८३७ मधील धर्मकराच्या वह्या आणि १८४७ ते १८६४ या काळात झालेली, ग्रिफिथ यांच्या नावाने ओळखली जाणारी मालमत्ता-आकारणी यांचा आधार घेतला जातो. त्यांत जमीन कसणारा किंवा घर धारण करणारा इसम सापडतो, त्याची बायकामुले मात्र सापडत नाहीत. वृद्धांना पेन्शन देणारा १९०८ चा कायदा असाच अनपेक्षितपणे उपयोगी पडला. वयाचा पुरावा म्हणून अर्जदारांसाठी १८४१ व १८५१ च्या जनगणनेतील उतारे शोधून दिले गेले. मूळ पत्रके जळाली, पण हे उतारे राहिले.

देशाबाहेर गेलेल्यांचा माग आणखी वेगळ्या दप्तरांत लागतो. जनगणनेत मुख्यतः त्या रात्री घरात असलेल्यांचीच नोंद होते. भारतात नोकरीस आलेल्या आयरिश कुटुंबांचे बाप्तिस्मे, विवाह व दफने येथील चर्चच्या वह्यांत नोंदली जात आणि त्यांच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांच्या या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबईच्या नोंदी १७०९ पासूनच्या आहेत. डब्लिनमध्ये तुटलेला धागा कधी कधी कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या नोंदीत जुळतो.

तरीही नुसते नाव जुळणे हा पुरावा नव्हे. एकाच नावाची अनेक माणसे एकाच परगण्यात असतात. म्हणून वय, गाव, व्यवसाय, विवाहातील साक्षीदार अशा परस्परांपासून स्वतंत्र नोंदी एकाच व्यक्तीकडे बोट दाखवतात की नाही, हे तपासावे लागते. मधले नावही दुवा ठरते. रिचर्ड यांच्या नावातील ‘डिक्सन’ हे त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव होय. वंशावळ म्हणजे असे अनेकदा पारखलेले अनुमान. नवा कागद सापडला की ते बदलण्याची तयारी ठेवावी लागते. पृथ्वीच्या पोटात कोणीही न उतरता गाभ्याचे अस्तित्व ठरवणाऱ्या रिचर्ड ओल्डहॅम यांची रीतही याहून फार निराळी नव्हती.

२०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षे होताना, ट्रिनिटी कॉलेजच्या नेतृत्वाखाली एक आभासी अभिलेखागार खुले झाले. जळालेल्या दस्तऐवजांच्या इतरत्र उरलेल्या नकला, उतारे आणि सूच्या गोळा करून ते उभारले आहे. ज्यांची दुसरी प्रत कुठेतरी होती, तेच कागद परत आले. भारतातील जिल्हा कचेऱ्या, देवस्थाने आणि जुन्या घरांतील दप्तरे वाळवी व ओल यांच्या तोंडी असताना या अनुभवाचा अर्थ आपल्यासाठीही स्पष्ट आहे: प्रत आजच काढावी, आणि ती दुसऱ्या गावी ठेवावी.