खाणीतली बत्ती बोलायची

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, व्हाइटहेवनच्या कोळसा खाणींत, काही पोरांना एक विचित्र काम असे. छातीशी एक छोटं यंत्र धरायचं, त्याचं पोलादी चाक गरागरा फिरवायचं आणि फिरत्या चाकावर गारगोटी दाबून धरायची. त्यातून ठिणग्यांचा जो फवारा उडे, त्याच्या उजेडात शेजारचा माणूस कोळसा खोदे. पोराचा हात थांबला की अंधार. हे ‘स्टील मिल’ नावाचं यंत्र कार्लाइल स्पेडिंग या खाण-व्यवस्थापकाने आणलं. उघड्या ज्योतीपेक्षा ठिणगी कमी धोक्याची, असा त्याचा हिशेब होता. चाक फिरवणाऱ्याला आणखी एक गोष्ट पाहावी लागे, ती म्हणजे ठिणग्यांचं रूप. हवेत वायू साठू लागला की ठिणग्या वेगळ्या दिसत आणि तसं दिसताच मागे फिरायचं असे. पण ठिणग्यांनीही स्फोट होतात, हे पुढे उघड झालं. खुद्द स्पेडिंग 1755 मध्ये खाणीतल्या वायुस्फोटातच गेला.

भूगर्भातल्या उजेडाचा सारा इतिहास या यंत्रात बीजरूपाने सापडतो. जमिनीवर दिव्याकडून आपण फक्त उजेड मागतो. जमिनीखाली माणसाने दिव्याकडे तीन गोष्टी मागितल्या: तू मला मारू नकोस, पाळी संपेपर्यंत टिक आणि धोका दिसला तर सांग. किती लख्ख पडतोस, हा प्रश्न फार उशिरा आला.

कोळशाच्या थरांतून मिथेन झिरपतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असलं की एक ठिणगी पुरते. 25 मे 1812 रोजी ईशान्य इंग्लंडमधल्या फेलिंग खाणीत तेच झालं. 92 जण गेले आणि त्यांत लहान मुलंही होती. आत पेटलेली आग विझावी म्हणून खाणीची तोंडं बुजवावी लागली. त्यामुळे बहुतेकांचे देह बाहेर यायला कित्येक आठवडे लागले. तिथले धर्मगुरू जॉन हॉजसन यांनी या दुर्घटनेची हकिकत छापून प्रसिद्ध केली. खाणमालकांना अशा गोष्टी चव्हाट्यावर आलेल्या खपत नसत, त्या काळातली ही गोष्ट. पुढच्याच वर्षी संडरलंडमध्ये खाण-अपघात टाळण्यासाठी एक मंडळ स्थापन झालं आणि त्यांनी लंडनच्या हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला गाठलं.

डेव्हीने 1815 च्या शेवटच्या काही महिन्यांत जे शोधलं, ते आजही एखाद्या मुलाला दाखवावं इतकं साधं आहे. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवायची. जाळी ज्योतीची उष्णता शोषून पसरवते, त्यामुळे जाळीबाहेरचा वायू पेट घेण्याइतका तापतच नाही. चौरस इंचात 784 छिद्रं, असं त्या जाळीचं माप ठरलं. 9 जानेवारी 1816 रोजी हेबर्न खाणीत हा दिवा उतरवला गेला. डेव्हीने त्याचं पेटंट घेतलं नाही. खाणमालकांनी वर्गणी काढून त्याला चांदीची भांडी भेट दिली, सुमारे 2,000 पौंडांची. त्याच सुमारास किलिंगवर्थ खाणीतला एक यंत्रकारागीर स्वतःच्या डोक्याने, जिवावर उदार होऊन, वायू झिरपणाऱ्या फटींपुढे आपला वेगळा दिवा धरून पाहत होता. लहानपणी शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस म्हणजे पुढे आगगाडीमुळे जगाला माहीत झालेला जॉर्ज स्टीफन्सन. त्याच्या वाट्याला सुरुवातीला फक्त 100 गिनी आल्या, तेव्हा त्याच्या चाहत्यांनी आणखी 1,000 पौंड गोळा केले. डॉ. विल्यम क्लॅनीने तर या दोघांच्याही आधी, 1813 मध्ये, आपला दिवा तयार केला होता. श्रेय कोणाचं, यावरून बराच काळ कडवट वाद चालला.

या वादापेक्षा महत्त्वाचे आहेत ते 1835 च्या संसदीय चौकशी समितीपुढे आलेले आकडे. डरहॅम आणि नॉर्थंबरलंड या दोन परगण्यांत दिवा येण्यापूर्वीच्या अठरा वर्षांत खाणींत 447 माणसं मेली होती. दिवा आल्यानंतरच्या अठरा वर्षांत 538.

दिवा वाईट होता म्हणून हे घडलं नाही. दिवा हाती आला म्हणून वायूने भरलेले जे थर सोडून दिले होते ते पुन्हा उघडले गेले, खाणी आणखी खोल गेल्या आणि हवा खेळती ठेवण्यावरचा खर्च मात्र तितक्या वेगाने वाढला नाही. त्यात उजेड मेणबत्तीहूनही कमी, म्हणून खोदणारे कधी कधी जाळीच काढून ठेवत. सुरक्षेचं साधन आलं की मालक आणखी जोखमीच्या जागी माणसं धाडतो, हे तेव्हाच दिसलं होतं. डेव्हीच्या दिव्याचं कौतुक करताना हे दोन आकडे गाळणं हा त्या मेलेल्यांवर अन्याय आहे.

तरीही या दिव्याचा एक गुण असा होता की तो पुढे शंभराहून अधिक वर्षं कुणालाही मोडीत काढता आला नाही. हा दिवा बोलायचा. वात बारीक केली आणि ज्योतीवर फिकट निळी टोपी चढलेली दिसली, की हवेत मिथेन आहे. टोपी जितकी उंच, तितका वायू जास्त. ज्योत मंदावून विझू लागली, की प्राणवायू कमी पडतोय. भारतीय खाणींतही ‘मायनिंग सरदार’ आणि ओव्हरमन ही कायद्याने नेमलेली माणसं अशा दिव्याची ज्योत वाचून कामगारांना पुढे सोडत. ज्योतीची ही भाषा पुस्तकातून येत नसे. अनुभवी सरदाराच्या शेजारी उभं राहून, त्याच्या नजरेने पाहत ती शिकावी लागे. वर्धा खोऱ्यातल्या कोळसापट्ट्याला, म्हणजे वरोरा, बल्लारपूर, राजूर या भागाला, कोळसा खाणकामाची ओळख एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. वरोऱ्याची खाण सरकारने चालवलेली होती आणि रेल्वेही तिच्यासाठी तिथवर आली.

या मिणमिणत्या उजेडाची किंमत डोळ्यांनीही मोजली. वर्षानुवर्षं अंधुक प्रकाशात काम केलेल्यांची बुबुळं आपोआप थरथरू लागत, समोरचं सगळं हलताना दिसे. कित्येकांना काम सोडावं लागे. हा दोष वाकून, आडवं पडून काम करण्याचा, की उजेडाचा? डॉक्टरांमध्ये बराच काळ यावर दुमत होतं. अखेर 1922 मध्ये ब्रिटनच्या एका वैद्यकीय समितीने मूळ कारण अपुरा प्रकाश हेच असल्याचा निर्वाळा दिला.

वीज खाणीत शिरली, पण अडखळत. विजेच्या बल्बचा शोध लावणाऱ्यांपैकी एक, जोसेफ स्वान, स्वतः न्यूकॅसलच्या कोळसा मुलुखातला. 1880 च्या दशकात त्याने खाणीत नेता येईल असा दिवा करण्याचे प्रयत्न केले, पण बॅटरी काही साथ देईना. खरा बदल अमेरिकेत झाला. 1912 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या जेड खाणीत उघड्या ज्योतीने स्फोट होऊन ऐंशीच्या आसपास माणसं दगावली. ते पाहून हादरलेल्या दोन खाण-अभियंत्यांनी, जॉन रायन आणि जॉर्ज डाइक यांनी, थॉमस एडिसनचं दार ठोठावलं. एडिसनकडे निकेल आणि लोखंडाची, आपटली तरी तग धरणारी बॅटरी होती. 1914 च्या सुमारास टोपीवर दिवा, कमरेला बॅटरी आणि मध्ये वायर अशी रचना तयार झाली. पाळीभर, म्हणजे सुमारे बारा तास, उजेड. फुटला तर दिव्याची तप्त तार वायू पेटवू शकते, म्हणून काच फुटताच वीजजोड तुटावा अशी योजनाही त्यात होती. दोन्ही हात मोकळे झाले आणि मान वळेल तिकडे उजेड वळू लागला.

पुढे शिशाच्या, आम्ल भरलेल्या बॅटऱ्या सर्वत्र रुळल्या. दोन किलोंहून जड पेटी कमरेला बांधून माणूस आठ तास वावरे. आम्ल ठिपकलं की कपड्याला भोक, कधी कातडीला चटका.

शिवाय ही नवी बत्ती मुकी होती. मिथेन असो, प्राणवायू कमी असो, ती आपली सारखीच जळत राही. म्हणून टोपीवर विजेचा दिवा आला तरी सरदाराच्या हातातला ज्योतीचा दिवा सुटला नाही. वासच नसलेल्या कार्बन मोनॉक्साइडसाठी ब्रिटिश खाणींत पिंजऱ्यातली कॅनरी न्यायची पद्धत होती. ते पक्षी 1986 मध्ये निवृत्त झाले आणि त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी घेतली.

जमिनीखाली जाणारी माणसांची आणखी एक जात होती. ही माणसं पोटासाठी नव्हे, कुतूहलापोटी उतरत. फ्रान्समध्ये एदुआर मार्तेल 1889 मध्ये पादिराकच्या प्रचंड विवरात उतरला तो मेणबत्त्या घेऊन. मोठं दालन पाहायचं असेल तर मॅग्नेशियम पेटवायचं आणि डोळे दिपवणाऱ्या त्या क्षणभराच्या झोतात दिसेल तेवढं टिपायचं. 1922 मध्ये नॉर्बेर कास्तेरेने माँतेस्पाँच्या गुहेत याहून धाडसी गोष्ट केली. गुहेचं छत पाण्यात बुडलं होतं. रबराच्या पोहण्याच्या टोपीत मेणबत्ती आणि काड्यापेटी कोंबून त्याने श्वास रोखला, बुडी मारली आणि पलीकडे निघाला. पुढच्या वर्षी तो पुन्हा गेला, तेव्हा मेणबत्तीच्या त्याच उजेडात त्याला मातीची अस्वलाची मूर्ती दिसली. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ती ज्योतीच्या उजेडातच घडवली असणार.

गुहा धुंडाळणाऱ्यांचा खरा लाडका दिवा मात्र कार्बाइडचा. आपल्याकडे कार्बाइड म्हटलं की घाईने पिकवलेला आंबा आठवतो. तीच ही करडी खडी. तिच्यावर थेंब थेंब पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो आणि तो पेटवला की शुभ्र, भोवताली पसरणारा उजेड मिळतो. 1892 मध्ये थॉमस विल्सनला कार्बाइड स्वस्तात बनवण्याची रीत सापडली आणि 1900 मध्ये फ्रेडरिक बाल्डविनने त्यावर चालणाऱ्या दिव्याचं पेटंट घेतलं. वायू नसलेल्या खाणींनी तो उचलला, सायकलींवर तो लागला आणि गुहांमध्ये तो विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला. त्याचा वास उग्र, काजळीने गुहेच्या छतावर काळे डाग आणि उरलेल्या चुन्याचा चिखल पिशवीत भरून परत आणण्याची कटकट. पण थंडीने काकडलेला माणूस अंगावर चादर ओढून बसला आणि चादरीआड हा दिवा ठेवला, तर ऊबही मिळे. तासन् तास थांबावं लागलेल्या कित्येकांना त्या उबेनेच तगवलं. शिवाय तोही बोलायचा. खडी संपत आली की ज्योत आखडू लागे आणि माणसाला पुन्हा भरायला वेळ मिळे.

हे सगळं दोन शोधांनी पुसलं. 1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. 1993 मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी साधला आणि त्यावर पिवळा लेप चढवून तीनच वर्षांत पांढरा एलईडी आला. 18 मिलिमीटर व्यासाचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा, म्हणून ‘18650’ म्हणवला जाणारा एक सेल जेमतेम पन्नास ग्रॅमचा असतो. कमरेची ती आम्लाची पेटी त्यापुढे एकदम जुनाट वाटू लागली.

आता कुठल्याही दुकानात विजेरी घेताना खोक्यावर मोठ्या अक्षरांत ल्यूमेन छापलेले दिसतात. एक हजार, दोन हजार, पाच हजार. जमिनीखाली जाणाऱ्याने तो आकडा शेवटी वाचावा. बराचसा माल पूर्ण प्रखरतेवर काही मिनिटंच टिकतो. तापला की आतलं सर्किट आपणहून उजेड कमी करतं. 2009 च्या अमेरिकी ‘एफएल 1’ मानकाप्रमाणे टिकण्याचा वेळ मोजतात तो उजेड मूळच्या एक दशांशावर येईपर्यंतचा. खोक्यावरचे पन्नास तास म्हणजे पन्नास तास लख्ख उजेड, असं मुळीच नव्हे. गुहेतून चालायला, रांगायला शंभर-दोनशे ल्यूमेनचा पसरट झोत पुष्कळ होतो. लांब फेकणारा अरुंद झोत मोठ्या दालनाचं छत किंवा खोल उभ्या विवराचा तळ पाहायला लागतो. दमट गुहेत आपल्याच श्वासाच्या वाफेवर तो आदळला तर समोर पांढरी भिंत उभी राहते.

सेलचंही तसंच. 18650 आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण 3,500 मिलिअँपियर-तासांच्या आसपास संपते. ज्यावर 9,900 छापलंय तो सेल खोटा आहे. तो पुढे किती चालेल, हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

सर्वांत नाजूक मुद्दा मात्र पुन्हा त्या बोलण्याचा आहे. जुन्या विजेरीतला तारेचा बल्ब सेल उतरू लागला की पिवळा पडे, मग तांबूस, मग विझे. परतीची वाट धरायला तेवढी सूचना पुरत असे. आजच्या चांगल्या एलईडीत उजेड सारखा राखणारं सर्किट असतं. शेवटपर्यंत सगळं ठीक दिसतं आणि मग एकाएकी अंधार होतो. म्हणून जाणकार आधी विचारतात, सेल किती उरलाय हे ही बत्ती दाखवते का? संपण्यापूर्वी लुकलुकते का? एकदम विझण्याऐवजी मंद उजेडावर उतरून तासभर तरी टिकते का? हातमोजे घालून, चिखलाने माखलेल्या बोटांनी सेल बदलता येतो का? आणि एवढं पाहूनही प्रत्येकाने एकमेकांवर अवलंबून नसलेले तीन दिवे सोबत न्यायचे, हा गुहा शोधणाऱ्यांचा जुना दंडक त्यांनी आजही मोडलेला नाही. मेघालयातल्या चुनखडीच्या गुहांचे किलोमीटरमागून किलोमीटर मोजणारी पथकंही याच दंडकाने आत जातात.

कोळसा खाणीत तर बत्ती निवडण्याची मुभा कामगाराला नसतेच. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता असलेलाच कॅप लॅम्प आत जातो. शिशाच्या पेट्यांची जागा आता हलके एलईडी दिवे घेत आहेत, पण लॅम्प रूमची रीत तशीच आहे. प्रत्येक दिव्याला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला माणूस. पाळीच्या सुरुवातीला दिवा चार्जिंगच्या फळीवरून निघतो, पाळी सुटली की त्याच जागी परत येतो. फळीवर एखादी खाच रिकामी राहिली, तर लॅम्प रूममधला माणूस आधी क्रमांक पाहतो, मग नोंदवहीतलं नाव, आणि मग खाली फोन करतो.