दीर्घलहरीपासून तबकडीपर्यंत : आयर्लंडमधील रेडिओ आणि वर्गणीचा प्रश्न

अमेरिकेतून बदली होऊन डब्लिन किंवा कॉर्क येथे येणारी मराठी मंडळी गाडी घेतल्यावर हमखास एक प्रश्न विचारतात : येथे उपग्रह-रेडिओची वर्गणी कोठे भरायची? उत्तर असे की, कोठेच नाही. सिरियस एक्सएम ही सेवा उत्तर अमेरिकेपुरती मर्यादित आहे आणि गाडीच्या टपावरील बोटभर अँटेनातून थेट उपग्रहाशी जोडणारी तशी सेवा युरोपात कधी उभी राहिली नाही. भारतातून थेट येथे आलेल्या व चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना मात्र वर्ल्डस्पेसची आठवण असते, आणि ती बहुधा कडवट असते.

तरीही आयर्लंडमध्ये रेडिओ आणि उपग्रह यांचा संबंध आहे, तो निराळ्या प्रकारचा. पारंपरिक प्रक्षेपणाचे काही मार्ग गेल्या वीस वर्षांत एकेक करून बंद झाले आणि श्रोत्यांना तबकडी, दूरचित्रवाणी संच किंवा इंटरनेट यांच्याकडे वळावे लागले. या स्थित्यंतरात कोणाचे काय गेले आणि आज नव्याने घर मांडणाऱ्याने काय निवडावे, याची ही माहिती.

अॅथलोनपासून २५२ पर्यंत

आयर्लंडचे पहिले अधिकृत केंद्र '२ आरएन' डब्लिनमध्ये १ जानेवारी १९२६ रोजी सुरू झाले. उद्घाटन केले ते डग्लस हाइड यांनी. पुढे १९३८ मध्ये ते देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्याकडे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी, म्हणजे दीड वर्षाने सुरू झाले. (२ आरएन हे नाव आज आरटीईच्या प्रक्षेपण-कंपनीने धारण केले आहे, मनोरे आणि यंत्रणा तिच्याकडे असते.) १९३२ मध्ये देशाच्या मध्यभागी अॅथलोन येथे मोठ्या क्षमतेचा प्रक्षेपक उभा राहिला आणि त्या गावाचे नाव युरोपभरच्या रेडिओसंचांच्या काचेवर लंडन, पॅरिस, प्राग यांच्या शेजारी छापले जाऊ लागले. १९७५ मध्ये त्याची जागा तुलामोर येथील ५०० किलोवॉटच्या मध्यमलहरी प्रक्षेपकाने घेतली.

दीर्घलहरीचा इतिहास त्याहून चमत्कारिक आहे. मीथ काउंटीतील समरहिल या खेड्याजवळ, क्लार्क्सटाउन येथे २४८ मीटर उंचीचा मनोरा उभारला गेला आणि १ सप्टेंबर १९८९ रोजी तेथून 'अटलांटिक २५२' हे इंग्रजी गाण्यांचे केंद्र सुरू झाले. आरटीई आणि रेडिओ लक्झेंबर्गची मूळ कंपनी यांचा हा संयुक्त उद्योग. कार्यक्रम आयर्लंडमधून निघत, डोळा मात्र ब्रिटनमधील तरुण श्रोत्यांवर. एफएमच्या स्पष्ट आवाजापुढे दीर्घलहरीवरची गाणी फिकी पडू लागली आणि २००२ च्या आरंभी ते केंद्र संपले. रिकाम्या झालेल्या २५२ किलोहर्ट्झवर २००४ पासून आरटीई रेडिओ १ ऐकू येऊ लागला, आणि २००८ च्या मार्चमध्ये तुलामोरची मध्यमलहरी बंद झाल्यावर सागरापलीकडच्या आयरिश माणसासाठी हाच एक धागा उरला.

१९५० च्या दशकात आणि त्यानंतर बांधकामावर, रुग्णालयांत, कारखान्यांत कामासाठी ब्रिटनला गेलेली लाखो आयरिश माणसे तेथेच म्हातारी झाली. रविवारचा हर्लिंगचा सामना, प्रार्थनासभा, गावाकडच्या मृत्यूंच्या वार्ता, खुसखुशीत गप्पा हे सारे त्यांना स्वयंपाकघरातील एका जुन्या संचावर, कोणालाही न विचारता, पैसे न मोजता मिळत असे. आरटीईने २०१४ मध्ये दीर्घलहरी बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा ब्रिटनमधील आयरिश संघटनांनी इतका विरोध केला की निर्णय पुन्हा पुन्हा पुढे ढकलावा लागला. अखेर १४ एप्रिल २०२३ रोजी प्रक्षेपण थांबले. वीजखर्च आणि यंत्रणेचे वय ही कारणे दिली गेली, आणि ती खोटी नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये क्लार्क्सटाउनचा मनोरा जमीनदोस्त करण्यात आला.

श्रोत्यांना सुचवलेले पर्याय होते स्काय किंवा फ्रीसॅटची तबकडी, केबल आणि इंटरनेट. कागदावर हे पर्याय सरसच दिसतात. आवाज अधिक स्वच्छ, खरखर नाही, रात्री त्याच लहरीवर अल्जीरियाच्या केंद्राची घुसखोरी नाही. पण पंचाऐंशी वर्षांच्या बाईंना रेडिओ ऐकण्यासाठी आधी दूरचित्रवाणी लावावी लागते, मग यादीत शेकडो क्रमांक खाली जावे लागते, आणि संच स्वयंपाकघरात नसून दिवाणखान्यात असतो. आपल्यापैकी ज्यांनी पुण्यात किंवा सांगलीत एकट्या राहणाऱ्या आईला व्हिडिओ-कॉल शिकवला आहे, त्यांना याहून अधिक सांगायची गरज नाही.

युरोपात उपग्रह-रेडिओ का झाला नाही?

एक कारण भूगोलात आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात, त्यामुळे उत्तरेकडे जावे तसे ते क्षितिजाकडे झुकतात. डब्लिन ५३ अंश अक्षांशावर आहे. तेथून असा उपग्रह फार तर २९ अंश उंचीवर दिसू शकतो आणि स्कायच्या तबकड्या ज्याकडे पाहतात तो २८.२ अंश पूर्वेचा उपग्रहसमूह जेमतेम २१ अंशांवर. घराच्या भिंतीवर पक्की बसवलेली तबकडी हे सांभाळून घेते. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला मात्र प्रत्येक दुमजली घर, प्रत्येक झाड आड येते. मग शहरोशहरी जमिनीवरचे पूरक प्रक्षेपक उभारावे लागतात आणि खर्च वाढत जातो. अमेरिकेतही शहरांत तसे प्रक्षेपक आहेतच, पण तेथे एक बाजारपेठ, मुख्यतः एक भाषा आणि मोटारकंपन्यांशी झालेले करार यांनी तो भार उचलला. तरीही सिरियस आणि एक्सएम या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांना २००८ मध्ये एक व्हावे लागले. युरोपात वीस-पंचवीस भाषा आणि तितकेच परवाने.

प्रयत्न झाला नाही असे नाही, आणि गंमत म्हणजे तो डब्लिनमधूनच झाला. एसईएस अॅस्ट्रा आणि युटेलसॅट या दोन मोठ्या उपग्रह-कंपन्यांनी मिळून सोलारिस मोबाइल ही कंपनी डब्लिन येथे स्थापन केली. फिरत्या वाहनांना आणि हातातील संचांना उपग्रहावरून चित्र व ध्वनी पुरवण्याचा तिचा मानस होता. एप्रिल २००९ मध्ये युटेलसॅटचा डब्ल्यू २ए हा उपग्रह बारा मीटर व्यासाचा खास अँटेना घेऊन अवकाशात गेला आणि मे महिन्यात युरोपीय आयोगाने या लहरींसाठी निवडलेल्या दोन कंपन्यांत सोलारिसचे नाव आले. परंतु अवकाशात त्या यंत्रणेत दोष आढळला, विम्याचा दावा करावा लागला, आणि अपेक्षित सेवा श्रोत्यांपर्यंत कधी पोहोचलीच नाही. २०१४ मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या इकोस्टारने विकत घेतली. तोवर प्रत्येकाच्या खिशात इंटरनेट असलेला फोन आला होता आणि मूळ प्रश्नच शिळा झाला होता.

वर्ल्डस्पेसचा धडा

भारतीय वाचकासाठी याच कथेचा दुसरा अंक वर्ल्डस्पेसचा. इथिओपियात जन्मलेले नोआ समारा यांनी स्थापलेल्या या कंपनीचा अॅफ्रिस्टार उपग्रह १९९८ मध्ये आणि एशियास्टार २००० मध्ये सोडण्यात आला. १०५ अंश पूर्वेचा एशियास्टार मुंबईतून क्षितिजावर सुमारे ४७ अंशांवर होता. खिडकीत किंवा गच्चीवर छोटा अँटेना नीट वळवून ठेवला की काम भागे. ए. आर. रहमान यांची स्वाक्षरी-धून, शास्त्रीय संगीतासाठी 'गांधर्व', कर्नाटक संगीतासाठी 'श्रुती', जुन्या हिंदी गीतांसाठी 'फरिश्ता'. जाहिरातींचा गोंगाट नसलेला असा रेडिओ आपल्याकडे आधी नव्हता आणि रसिकांनी त्यासाठी आनंदाने आगाऊ वर्गणी भरली. जगभरातील ग्राहकांपैकी बहुतांश भारतात होते.

मूळ अमेरिकी कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये दिवाळखोरीचे संरक्षण मागितले आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा थांबली. अनेकांची वर्गणी पुढील कित्येक महिन्यांची भरलेली होती. परतावा देता येत नाही, असे त्यांना कळवण्यात आले. उपग्रह अवकाशात होता, संच घरात होता, कान तयार होते. मधली कंपनी तेवढी नव्हती.

वर्गणीवरचा रेडिओ बुडण्याचा आपला अनुभव खरे तर त्याहून जुना आहे. १९२७ ची इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी दहा रुपयांच्या वार्षिक परवान्यातील वाट्यावर चालत असे. परवाने पुरेसे निघाले नाहीत आणि १९३० च्या मार्चमध्ये ती दिवाळखोरीत गेली, मग सरकारने प्रक्षेपण हाती घेतले. पोस्टात जाऊन रेडिओच्या परवान्याच्या पुस्तिकेवर तिकिटे चिकटवणारे वडील किंवा आजोबा अनेकांना आठवत असतील. त्या परवान्यात आणि आजच्या वर्गणीत एक मोठा फरक होता. परवाना संपला तरी लहर येतच राहायची. ऐकणे थांबवण्याचे बटण कोणाच्या हाती नव्हते. वर्गणीच्या रेडिओत ते बटण दुसऱ्याच्या हाती असते, आणि महिन्याकाठच्या दहा-पंधरा युरोंपेक्षा हीच गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, असे या लेखकाचे मत आहे.

आज आयर्लंडमध्ये काय मिळते?

एफएम हा अजूनही मुख्य मार्ग आहे. त्यासाठी परवाना लागत नाही; केवळ रेडिओसाठीचा परवाना येथे १९७२ मध्येच रद्द झाला. वर्षाला १६० युरोंचा परवाना आहे तो दूरचित्रवाणी संचासाठी. फक्त रेडिओ ऐकण्याच्या हेतूने जरी आपण तबकडी आणि दूरचित्रवाणी संच घेतला, तरी संच चित्र दाखवू शकतो म्हणून तो परवाना लागतोच. 'आम्ही तर फक्त गाणी ऐकतो' हा युक्तिवाद निरीक्षकापुढे चालत नाही.

भूस्थित डिजिटल सेवा सेरव्ह्यू आणि तिची उपग्रहावरची बहीण सेरसॅट यांवर आरटीईची रेडिओ केंद्रे विनावर्गणी ठेवण्यात आली. ('सेर' या आयरिश शब्दात मुक्त आणि स्वस्त हे दोन्ही अर्थ आहेत.) २०१२ मध्ये सुरू झालेली सेरसॅट मुख्यतः सेरव्ह्यू न पोहोचणाऱ्या सुमारे दोन टक्के घरांसाठी होती. तिला का-पट्ट्याचा वेगळा ग्राहक लागतो. स्कायची जुनी तबकडी उपयोगी पडत नाही. २८.२ अंशांकडे वळवलेल्या साध्या तबकडीवर बीबीसीची रेडिओ केंद्रेही वर्गणीशिवाय मिळतात.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तबकडीचा विचार करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. डब्लिनमधून हा उपग्रह आग्नेयेला आहे, म्हणून केवळ उत्तर किंवा पश्चिम बाजू असलेल्या सदनिकेत तो मिळणार नाही. स्वतंत्र घराला एक मीटरपर्यंतची एक तबकडी नियोजन-परवानगीशिवाय लावता येते, पण दर्शनी भिंतीवर नव्हे. सदनिकांना ही सवलत गृहीत धरता येत नाही, आणि बहुतेक इमारतींच्या व्यवस्थापनाच्या नियमांत बाल्कनीतील तबकडीला मनाई असते.

गाडीची कथा विनोदी आहे. युरोपीय नियमानुसार २१ डिसेंबर २०२० पासून प्रत्येक नव्या मोटारीतील रेडिओत भूस्थित डिजिटल प्रक्षेपण घेण्याची सोय असणे सक्तीचे झाले. त्यानंतर बरोबर शंभर दिवसांनी, ३१ मार्च २०२१ रोजी, आरटीईने आपले डीएबी प्रक्षेपण बंद केले. डीएबी संचावर ऐकणारे केवळ अर्धा टक्का आणि एफएमवर ऐकणारे ७७ टक्के, असे आकडे तिने दिले होते. त्यामुळे कोरी गाडी घेतलेल्या माणसाला ते बटण दाबून आरटीई मिळाले नाही. सीमेलगतच्या काउंटींत उत्तर आयर्लंडची केंद्रे तेवढी सापडतात.

राहता राहिले इंटरनेट, आणि मराठी श्रोत्यासाठी खरा मार्ग तोच आहे. आकाशवाणीची मुंबई, पुणे आदी केंद्रे प्रसार भारतीच्या 'न्यूज ऑन एअर' या अॅपवर कोणत्याही वर्गणीविना ऐकता येतात. १२८ किलोबिटच्या प्रवाहाला तासाला सुमारे ५८ मेगाबाइट लागतात; रोज तीन तास ऐकले तर महिन्याला पाच गिगाबाइटच्या थोडे वर. अडचण आहे ती घड्याळाची. भारत येथून हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असल्याने सकाळी सातची मराठी वार्तापत्रे येथे मध्यरात्रीनंतर दीड किंवा अडीच वाजता येतात. संध्याकाळचे कार्यक्रम मात्र येथील दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बसतात.

एफएमचा संच तरीही फेकू नये. २४ जानेवारी २०२५ रोजी एओविन वादळ आले तेव्हा गॉलवे काउंटीतील मेस हेड येथे ताशी १८३ किलोमीटर वेगाचा झोत नोंदवला गेला आणि ७ लाख ६८ हजार ग्राहकांची वीज गेली. पश्चिमेकडील काही घरांत ती परत यायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. वीज गेल्यावर घरचा राउटर बंद, काही तासांनी मोबाइलचे मनोरेही बंद. मग अॅप आणि दूरचित्रवाणी संचावरचा रेडिओ दोन्ही मुके होतात. एफएमच्या लहरी घेण्यासाठी बॅटरीवर चालणारा साधा संच पुरतो. तो येथील कोणत्याही विद्युत-वस्तूंच्या दुकानात मिळतो. घेताना एवढेच पाहावे की तो केवळ डीएबीचा नाही, आणि बॅटऱ्या संचात न ठेवता शेजारी ठेवाव्यात, म्हणजे गळून संच खराब होत नाही.