गृहस्थाच्या मनाची मोजदाद

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपल्याकडील गृहस्थाश्रमाची जुनी शिकवण. अर्थशास्त्रानेंहि दीर्घकाल गृहस्थाविषयीं याहून फारसा निराळा विचार केला नाहीं. १९३६ सालीं केन्स यानें आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथांत घरखर्चाचें मान मुख्यत्वेंकरून मिळकतीवर ठरतें असें प्रतिपादन केलें. अंथरुणाची लांबी कळली कीं पाय किती पसरतील हें कळलेंच. मग पाय पसरणाराच्या मनांत काय आहे, हें कोण विचारतो?

तें विचारण्याचें श्रेय जॉर्ज कॅटोना या मानसशास्त्रज्ञाकडे जातें. १९०१ सालीं बुडापेस्ट येथें जन्मलेल्या या विद्वानानें १९२३ सालचा जर्मन चलनाचा प्रलय जवळून पाहिला, आणि १९३३ सालीं तो अमेरिकेस गेला. दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां अमेरिकन कुटुंबांपाशीं मोठी शिल्लक सांचली होती. तथापि युद्धाचे कारखाने थंडावतांच मंदी येणार, अशी पुष्कळ पंडितांना धास्ती होती. तेथील मध्यवर्ती बँकेस शिल्लक किती तें हवें होतें. १९४६ च्या पाहणींत कॅटोना व त्याचे सहकारी यांनीं त्यासोबत लोकांचे बेत आणि अपेक्षाहि विचारल्या. उत्तरांत भयापेक्षां उमेद अधिक दिसली, आणि भाकित केलेली महामंदी आली नाहीं.

पुढें मिशिगन विद्यापीठांत ही पाहणी स्थिरावली. तिचे मुख्य प्रश्न पांच व अगदीं घरगुती: गेल्या वर्षाहून स्थिति बरी आहे काय? येत्या वर्षीं सुधारेल काय? देशाचा व्यापारउदीम वर्षभर कसा चालेल? पांच वर्षें कसा चालेल? घरांतील मोठी वस्तु घेण्यास हा काळ चांगला काय? खर्चाला ऐपत लागते तशी इच्छाहि लागते, हें कॅटोनाचें सारें तत्त्वज्ञान या प्रश्नांत आहे.

आक्षेपकांनीं म्हटलें, मनुष्य बोलतो एक आणि करतो दुसरें. हा आक्षेप पोकळ नाहीं. १९६६ सालचा आंकडा १०० धरून चालणारा हा निर्देशांक जून २०२२ मध्यें ५० वर, तोंवरच्या नीचतम पायरीवर, उतरला. तरी अमेरिकन कुटुंबांनीं खर्च आंवरला नाहीं. मग ती निराशा खोटी होती काय? मुळींच नाहीं. चाळीस वर्षांत झाली नव्हती अशी महागाई त्यांना जाचत होती. खरेदी चालू होती, समाधान मात्र उरलें नव्हतें.

मुंबईच्या रिझर्व्ह बँकेनें २०१० पासून आपल्याकडील शहरी कुटुंबांची अशीच पाहणी चालविली आहे. तेथें १०० म्हणजे आशानिराशेचा समतोल. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत, मे २०२१ मध्यें, वर्तमान स्थितीचा आंकडा ४८.५ झाला. ज्या घरांनीं ते दिवस सोसले त्यांस या आंकड्याचा अर्थ सांगावयास नको.

तात्पर्य, अशा पाहणीकडे भविष्य म्हणून नव्हे, तर साक्ष म्हणून पाहावें. राष्ट्राची मिळकत खजिन्याच्या वह्यांतून कळेल. ती मिळविणारा माणूस उद्यांकडे कोणत्या नजरेनें पाहतो, हें त्याच्या दारीं जाऊन त्यालाच विचारलें पाहिजे.