यंत्राच्या वहीतले नाव आणि क्रमांक

सातबाराच्या उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. बहुतेक वेळा तो कोराच असतो, आणि भरलेला असला तरी कुणी वाचत नाही. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी हाती घेतली. तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली आणि शेत क्रमांकाने ओळखले जाऊ लागले. नाव गावापुरतेच चालते. चिंच पडली तरी मळा चिंचेचाच राहतो. मी राहतो त्या काळेवाडीतही पत्ता सांगताना ‘देवळाच्या मागे’ एवढे पुरते, पण खरेदीखत करायचे म्हटले की सर्व्हे नंबर काढावाच लागतो.

हाच प्रश्न संगणकांपुढे १९८० च्या दशकात आला, आणि तिथला निकाल लागायला तीस वर्षे गेली. माझे या विषयातले शिक्षण कुठल्या महाविद्यालयात झाले नाही. जुन्या प्रणालींची हस्तपुस्तके आणि संहिता वाचत जे हाती लागले, ते इथे मांडतो.

दूरच्या यंत्रावरून कुणी आत आले, की युनिक्स प्रणाली त्याची नोंद एका फाइलीत करते: कोण आले, कुठून आले, किती वाजता. १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत ‘कुठून’ या रकान्याला अवघी १६ अक्षरांची जागा होती. तिथे यंत्राचे नाव, म्हणजे होस्टनेम, लिहायचे. त्या वेळी जाळ्यावरची यंत्रे थोडी होती आणि त्यांची नावे आखूड. पण त्याच वर्षी पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची व्यवस्था मांडली आणि नावे लांबत गेली. संस्था, विभाग, देश असे सगळे जोडले की १६ अक्षरांत नावाचे शेपूट तुटायचे, आणि नेमकी संस्था शेपटातच असायची! आयपी क्रमांक मात्र, तेव्हाच्या चार आकडी गटांच्या पद्धतीत, ठिपके धरून फार तर १५ अक्षरांचा होतो. तो बरोबर मावायचा. म्हणून नाव मावले नाही तर क्रमांक लिहावा, अशी तडजोड पुढे रूढ झाली.

जागेची अडचण लिनक्सने सोडवली. तिथे नावाला २५६ अक्षरे दिली आणि क्रमांकाला वेगळा रकाना ठेवला, थेट सातबारासारखा. खरी अडचण निराळी होती. आलेल्या यंत्राजवळ असतो तो क्रमांक, आणि त्यावरून नाव शोधायला दुसऱ्या कुणाला तरी विचारावे लागते. ते उत्तर देतो तो क्रमांकांचा तो गट ज्याच्या ताब्यात आहे तोच. चोरालाच त्याचे नाव विचारून वहीत लिहिण्यासारखे हे आहे. त्याने आज एक नाव सांगितले आणि उद्या बदलले, तर वहीत उरते ते कालचे. शिवाय उत्तर यायला उशीर लागला की आत येणारा दारातच ताटकळतो. ओपनएसएसएच या आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत ‘नुसता क्रमांकच लिही’ असे सांगण्याची सोय होती. मार्च २०१५ च्या ६.८ आवृत्तीपासून तर नावाची चौकशी न करणे हीच तिची मूळची रीत झाली. हा निर्णय मला योग्य वाटतो. क्रमांक असला तर नाव पुढे केव्हाही शोधता येते. वहीत एकटे नाव असले, तर त्यावरून त्या दिवशीचा क्रमांक सापडेलच असे नाही.

पण क्रमांक म्हणजे माणूस नव्हे. पुण्याला हे फार महागात कळले, म्हणजे किंमत मोजली ती भलत्याच माणसाने. शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर ऑर्कुटवर टाकल्याच्या प्रकरणात ऑगस्ट २००७ अखेर पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण अभियंत्याला अटक केली. पुरावा होता आयपी क्रमांकाचा. तो कुणाकडे होता हे दूरसंचार कंपनीने सांगितले, आणि सांगितले ते चूक. त्या तरुणाचे पन्नास दिवस तुरुंगात गेले.

इथे मला फेरफाराची वही आठवते. गट क्रमांक तोच राहतो, मालक बदलतो, आणि कोणत्या तारखेला बदलला हे फेरफारातच कळते. इंटरनेटचा क्रमांक तर तासाभरातही हात बदलतो. कंपनीकडे त्याचे फेरफार असतात, पण ते वाचायला नेमकी वेळ लागते: तास, मिनिट, सेकंद, आणि ते घड्याळ भारतीय वेळेचे की ग्रिनिचचे हेही. परदेशातल्या सर्व्हरची वेळ भारतीय समजून वाचली तर साडेपाच तासांचा फरक पडतो, आणि तेवढ्यात तो क्रमांक दुसऱ्याच्या घरी गेलेला असतो.

आता तर एकाच क्रमांकामागे एकाच वेळी शेकडो मोबाइल असतात. जून २०११ च्या आरएफसी ६३०२ या शिफारशीने म्हणूनच क्रमांकासोबत पोर्टचा आकडा आणि अचूक वेळही नोंदवायला सांगितले. पोर्ट हा या हिशेबात पोटहिस्सा. आपल्याकडे २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने निर्देश काढले, की नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत. भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांतही आता हिशेबाचा एखादा सर्व्हर कोपऱ्यात चालू असतो. त्याची नोंदवही उघडली, की आधी घड्याळ जुळते का ते पाहावे, क्रमांक त्यानंतर.